सेंट जॉन्स वर्ट: नैराश्यावरची ही वनस्पती मेंदूत नेमकं काय करते?

पानगळ | २४ जून, रात्री १०.१५

आज २४ जून, सेंट जॉनचा दिवस. इथे जर्मनीत आमच्या गावाबाहेर रेल्वेरुळांच्या कडेनं योहानिसक्राउट फुललंय. संध्याकाळी फिरायला गेले तेव्हा एक कळी चिमटीत चुरडली. कळी पिवळीधमक, पण बोटं लालजांभळी झाली. याचं पान उजेडासमोर धरलं की सुईनं टोचल्यासारखे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, म्हणून शास्त्रीय नाव हायपेरिकम परफोरेटम. इंग्रजीत सेंट जॉन्स वर्ट. इथल्या जुन्या बायका ही फुलं ऑलिव्हच्या तेलात बुडवून बरणी खिडकीत उन्हात ठेवतात, काही आठवड्यांत तेल माणकासारखं लाल होतं.

या झाडावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मागच्या आठवड्यात पुण्याहून मावसबहिणीचा फोन आला आणि आता टाळायचं नाही असं ठरवलं. तिची एक मैत्रीण नैराश्यातून जातेय, मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू आहेत. बहीण म्हणाली, "तुमच्याकडे ते हर्बल मिळतं ना, येताना दोन बाटल्या आण. आयुर्वेदिकच आहे, गोळ्यांबरोबर घेतलं तर काय बिघडणार?"

बिघडतं. खूप बिघडू शकतं. का, ते सांगण्यासाठी हा धागा.

आधी माझा अनुभव. इथला माझा दुसरा हिवाळा होता. डिसेंबरात दुपारी साडेचारला अंधार. घरी फोन करायचं टाळायला लागले, कारण आईला आवाजावरून कळायचं. आंघोळीला उठणं म्हणजे गड चढण्यासारखं वाटायचं. शेवटी फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बराच वेळ बोलून सौम्य ते मध्यम नैराश्य असं निदान केलं आणि योहानिसक्राउटच्या अर्काची चिठ्ठी दिली, रोज ९०० मिलिग्रॅम. मी नाशिकची बी.फार्म., मला रागच आला. इतकी खचलेय आणि हे झाडपाल्यावर बोळवण करतात, असं वाटलं. चिठ्ठी घेऊन आपोटेकेत, म्हणजे इथल्या औषधांच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या बाईंनी खोकं हातात न देता आधी विचारलं, गर्भनिरोधक गोळ्या घेता का? रक्त पातळ होण्याच्या? आणखी काही चालू आहे का? प्रत्येक उत्तर लिहून घेतलं. मी गर्भनिरोधक गोळ्या घेत होते. त्यांनी तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला.

त्या दिवशी मला कळलं की इथे या वनस्पतीला काढा समजत नाहीत, औषध समजतात. १९८४ मध्ये जर्मन सरकारच्या वनौषधी समितीनं, कमिशन ई म्हणतात तिला, नैराश्याच्या तक्रारींसाठी ती मान्य केली. २००९ पासून मध्यम स्वरूपाच्या नैराश्यासाठीचा अर्क डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

आता मेंदूकडे वळते. एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तेव्हा दोघींमधल्या अतिसूक्ष्म फटीत सेरोटोनिनसारखं रसायन सोडते. निरोप पोचला की ते रसायन परत आत ओढून घेतलं जातं. ओढणारी प्रथिनं पेशीच्या पडद्यात बसलेली असतात, पण त्यांना फिरवणारी शक्ती सोडियमची. पेशीबाहेर सोडियम जास्त, आत कमी. तो उताराच्या पाण्यासारखा आत धावतो आणि जाताना सेरोटोनिनला बरोबर घेऊन जातो. कोयनेचं पाणी वरून पडतं म्हणून टर्बाइन फिरतं, तसंच हे.

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एसिटालोप्राम या गोळ्या काय करतात? सेरोटोनिनच्या टर्बाइनच्या पात्यांत जाऊन बसतात. ते एक टर्बाइन अडतं, बाकीची चालू राहतात. या वनस्पतीतलं मुख्य द्रव्य हायपरफोरिन, ते पात्यांना हात लावत नाही. पेशीच्या पडद्यात टीआरपीसी६ नावाची दारं असतात. हायपरफोरिन ती उघडतं, सोडियम आत झिरपत राहतो आणि आतबाहेरच्या पातळीतला फरक कमी होतो. धरणाचं पाणीच उतरलं तर सगळीच टर्बाइनं मंदावणार! म्हणून सेरोटोनिन, नॉरॲड्रेनालिन, डोपामिन, गाबा आणि ग्लुटामेट या पाचांचंही परत शोषलं जाणं एकदम कमी होतं आणि ती फटीत जास्त वेळ राहतात. नैराश्यावरचं दुसरं कुठलंही नेहमीचं औषध अशा वाटेनं काम करत नाही. टीआरपीसी६ चा हा दुवा जर्मन संशोधकांनी २००७ मध्ये मांडला. त्याआधी बरीच वर्षं सगळं श्रेय हायपेरिसिनला, म्हणजे माझी बोटं रंगवणाऱ्या त्या लाल द्रव्याला दिलं जायचं. ते मेंदूतली रसायनं मोडणारं मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर रोखतं, असा समज होता. पुढे मोजल्यावर दिसलं की माणसाच्या शरीरात पोचणाऱ्या मात्रेत तो परिणाम नगण्य आहे.

यातलं बरंचसं परीक्षानळीत वाढवलेल्या पेशींत आणि उंदरांत पाहिलेलं आहे हे ध्यानात ठेवा. जिवंत माणसाच्या मेंदूत शिरून सोडियम मोजता येत नाही.

आणि हेच हायपरफोरिन यकृतात जाऊन एक वेगळंच काम करतं, ज्याचा मेंदूशी काही संबंध नाही. यकृताच्या पेशींत पीएक्सआर नावाचा एक पहारेकरी असतो. शरीरात परकं द्रव्य शिरलं की तो हाकारे देतो आणि औषधं मोडणारी विकरं जास्त बनू लागतात, विशेषतः सीवायपी३ए४. हायपरफोरिन या पहारेकऱ्याला जितक्या जोरात जागं करतं तितकं फार थोडी द्रव्यं करतात. परिणाम असा की तुम्ही दुसरी जी गोळी घेताय ती रक्तात टिकण्याआधीच मोडली जाते.

२००० साली 'लॅन्सेट'मध्ये झुरिकच्या डॉक्टरांनी हृदयरोपण झालेल्या दोन रुग्णांची हकीकत छापली. दोघांचीही तब्येत व्यवस्थित होती. मन उदास म्हणून त्यांनी सेंट जॉन्स वर्ट सुरू केलं. तीनएक आठवड्यांत रक्तातलं सायक्लोस्पोरिन, म्हणजे शरीरानं नवा अवयव नाकारू नये म्हणून दिलेलं औषध, घसरलं आणि शरीर नवं हृदय नाकारू लागलं. वनस्पती बंद केल्यावर पातळी पूर्ववत झाली. त्याच वर्षी एचआयव्हीवरच्या इंडिनॅव्हिर या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्म्याहून खाली येतं, हेही निरोगी स्वयंसेवकांवर दिसलं. गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन, हृदयासाठीचं डिगॉक्सिन, सगळ्यांची तीच गत.

मी त्या हिवाळ्यात ती गोळी घेतली, गर्भनिरोधनाची दुसरी सोय करून. पाचव्या आठवड्यात एक दिवस स्वतःहून पोहे केले. मला या वनस्पतीबद्दल कृतज्ञता आहे, म्हणूनच तिला कुणी 'नुसतं हर्बल' म्हटलं की जीव तुटतो.

---

सह्यकडा | २५ जून, सकाळी ७.५०

पानगळ, कोयनेचं उदाहरण फार आवडलं. एक शंका. रसायनांचं शोषण मंदावणं तर काही तासांत होत असेल. मग तुम्हाला पोहे करायला पाच आठवडे का लागले? माझ्या भावालाही डॉक्टरांनी गोळ्या सुरू करताना "महिनाभर धीर धरा" सांगितलं होतं, आणि त्यानं दहाव्या दिवशी कंटाळून सोडल्या.

---

पानगळ | २५ जून, दुपारी १.०५

सह्यकडा, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. सेरोटोनिन वाढणं हाच जर उपाय असता तर पहिल्या दिवशी संध्याकाळी बरं वाटलं असतं. फटीत रसायन वाढलं की समोरची पेशी आपले ग्राहक, म्हणजे ते रसायन पकडणारी प्रथिनं, हळूहळू कमी-जास्त करते, पेशीच्या आत कुठली जनुकं चालू ठेवायची ते बदलतं, पेशींना नवे फाटे फुटायला मदत करणारी प्रथिनं बनू लागतात. टीआरपीसी६ च्या दारातून सोडियमबरोबर कॅल्शियमही आत येतं, आणि स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागातल्या पेशींवर त्यामुळे नवे काटेरी कोंब उगवतात असं प्रयोगशाळेत दिसलंय. शेतात पाणी सोडलं म्हणून त्याच दिवशी कणीस धरत नाही ना, तसं. भावाला कृपया परत डॉक्टरांकडे न्या. दहा दिवस म्हणजे अजून पेरणीच झाली नव्हती.

आणि 'नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता' हे वाक्य आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरतं, ते मी वापरत नाही. २०२२ मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात कमतरतेच्या बाजूनं ठाम पुरावा मिळाला नाही. औषध एका रसायनावर काम करतं यावरून आजार त्याच रसायनाच्या अभावानं झाला असं ठरत नाही. पॅरासिटामॉलनं डोकं दुखायचं थांबतं म्हणून डोकेदुखी पॅरासिटामॉलच्या अभावानं होते का?

---

गोकर्णीची वेल | २५ जून, दुपारी ३.२०

हायपेरिकम हे नाव वाचून दचकले! आमच्या घरी लहानपणी दारात बोट चेमटलं की आजी पहिलं काय करायची, तर हायपेरिकम २०० च्या चार साबुदाण्यासारख्या गोळ्या जिभेवर. आजही माझ्या पर्समध्ये ती बाटली असते. हे तेच का? मग माझ्या थायरॉइडच्या गोळीवर परिणाम होत असेल का?

---

पानगळ | २५ जून, संध्याकाळी ६.४५

झाड तेच, ताई. पण बाटलीत काय उरलंय ते बघू. २०० चा अर्थ एकास शंभर असं पातळ करणं, लागोपाठ दोनशे वेळा. तेवढ्यात मूळ झाडाचा एक रेणूही उरत नाही. त्यामुळे हायपरफोरिनचा मेंदूवरचा परिणामही नाही आणि यकृतावरचाही नाही. तुमच्या थायरॉइडच्या गोळीला त्या साबुदाण्यांपासून धोका नाही, निश्चिंत राहा.

मात्र मदर टिंक्चर ही गोष्ट वेगळी. होमिओपॅथीच्या दुकानात बाटलीवर क्यू अक्षर असतं ते. तो झाडाचा खराखुरा अल्कोहोलमधला अर्क असतो. त्यात झाडातली द्रव्यं असतात, आणि किती ते बाटलीगणिक बदलतं. कुणी नैराश्यासाठी पाण्यात थेंब टाकून हायपेरिकम क्यू घेत असेल तर वर लिहिलेलं सगळं लागू आहे असं धरून चाला. भारतातल्या वाचकांसाठी मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे या वनस्पतीच्या कॅप्सूल दुकानात सहज दिसत नाहीत, मदर टिंक्चर मात्र तालुक्याच्या गावीही मिळतं.

---

दवबिंदू | २५ जून, रात्री ८.३०

माझे बाबा चाळीस वर्षं होमिओपॅथी करायचे. रेणू उरत नाही हे वाचून थोडं लागलं, खोटं कशाला बोलू. पण मदर टिंक्चरबद्दल तुम्ही लिहिलंत ते बाबांनाही मान्य झालं असतं. ते नव्या पेशंटला आधी पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला सांगायचे आणि एकेक बघायचे. क्यू देताना तर हमखास.

---

पानगळ | २५ जून, रात्री ८.५५

दवबिंदू, तुमच्या बाबांची ती सवय प्रत्येक दवाखान्यात हवी. मनापासून नमस्कार सांगते त्यांच्या आठवणीला.

---

कोथरूडची मीरा | २६ जून, सकाळी ११.१०

मी इथे कधी लिहीत नाही, फक्त वाचते. पण हा धागा वाचून रात्री झोप लागली नाही.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेल्यावर आईला एसिटालोप्राम सुरू झालं होतं. हळूहळू सावरत होती. तेवढ्यात परदेशातल्या एका नातेवाइकानं प्रेमानं एक मोठी बाटली पाठवली, बाटलीवर पिवळं फूल. "मूड चांगला राहतो, नॅचरल आहे." आईनं कुणाला न सांगता दोन्ही घेतलं. आठवड्याभरात हात थरथरायला लागले, घामानं ब्लाउज भिजायचा, पोट बिघडलं, रात्रभर येरझाऱ्या. आम्हाला वाटलं दुःख परत उफाळून आलंय. मी तिला म्हणाले, "आई, जरा मन घट्ट कर." हे वाक्य मला आजही टोचतं. एका रात्री ताप चढला, पाय झटके द्यायला लागले, तेव्हा दवाखान्यात नेलं. तिथे एका तरुण डॉक्टरनं विचारलं, "आजी, गोळ्यांशिवाय आणखी काही घेता का? काढा, चूर्ण, काहीही?" तेव्हा आईनं पदराआडून हळूच सांगितलं. सेरोटोनिन सिंड्रोम हे शब्द मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकले. दोन्ही बंद केलं, तीन दिवसांत आई घरी आली. आता बरी आहे, रोज संध्याकाळी बागेत जाते.

बाटली पाठवणाऱ्यावर माझा राग नाही. त्यांनी मायेनंच पाठवली होती.

---

मनोवैद्य | २६ जून, दुपारी २.४०

मीराताई, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. "मन घट्ट कर" असं तुम्ही म्हणालात त्यात तुमचा दोष नाही. ही लक्षणं खरोखरच घबराटीसारखी दिसतात आणि डॉक्टरांचीही फसगत होते.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. पानगळ यांनी लिहिलेल्यात थोडी भर. सेंट जॉन्स वर्ट सेरोटोनिन वाढवतं आणि एसिटालोप्रामही वाढवतं, म्हणून बेरीज धोक्याची होते. हीच बेरीज आणखी काही औषधांबरोबर होते, जी लोकांना नैराश्याशी संबंधित वाटतच नाहीत. कोरड्या खोकल्याच्या अनेक सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं. कंबर किंवा गुडघेदुखीसाठी ट्रॅमाडॉल दिलं जातं. अर्धशिशीला सुमाट्रिप्टान. थरथर, घाम, जुलाब, छातीत धडधड, बेचैनी आणि स्नायूंचे झटके एकत्र दिसले तर सकाळची वाट बघू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा आणि घेतलेलं सगळं बरोबर न्या.

दुसरं, ज्यांना द्विध्रुवीय आजार आहे, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी उन्माद, त्यांच्यात या वनस्पतीनं उन्मादाची लहर उसळल्याच्या नोंदी आहेत. पुष्कळदा पहिली लहर येईपर्यंत आजार द्विध्रुवीय आहे हेच माहीत नसतं. म्हणून स्वतः निदान करून सुरुवात करणं मला सर्वांत जास्त घाबरवतं. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना सांगा. गर्भारपणात आणि अंगावर पाजताना तर विचारल्याशिवाय नकोच.

आणि कुणाच्या मनात जगणं नको असे विचार येत असतील तर वनस्पती की गोळी हा वाद बाजूला ठेवा. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, मराठीतही बोलतात, पैसे लागत नाहीत. लगेच फोन करा.

---

परळचा जुना रहिवासी | २६ जून, संध्याकाळी ५.३०

लेकीनं हा धागा वाचायला दिला. मी निवृत्त लॅब टेक्निशियन, वय ७८. वनस्पती आणि मेंदूचं रसायन म्हटल्यावर मला सर्पगंधा आठवली. तिची कथा तर आमच्या परळच्या केईएमशी जोडलेली आहे.

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे शतकानुशतकं सापाच्या विषावर, तापावर, डोकं भडकल्यावर देत आले. बिहारात तर तिला 'पागल की दवा' म्हणायचे. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या वैद्यांनी तिच्यावर लेख लिहिला, रक्तदाब आणि उन्माद दोन्हींसाठी. पुढे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी केईएममधल्या रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९४९ मध्ये तो 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आला. जगाचं लक्ष या मुळीकडे वळलं ते तिथून. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आमच्या खात्यातले वरिष्ठ त्यांचं नाव घेताना उभे राहायचे.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या रसायनतज्ज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं. रक्तदाब उतरायचा, पण काही रुग्ण गप्प गप्प व्हायचे, जेवण सोडायचे, खोल उदास व्हायचे. पानगळबाई, यापुढचं मेंदूतलं तुम्ही सांगा, ते माझ्या आवाक्याबाहेरचं.

---

पानगळ | २६ जून, रात्री ९.२०

काका, केईएमच्या माणसाकडून हे वाचायला मिळालं, डोळे भरून आले. हा दुवा तर नैराश्याच्या सगळ्या औषधशास्त्राच्या मुळाशी आहे.

चेतापेशीत सेरोटोनिन आणि त्याची भावंडं इवल्या पिशव्यांमध्ये साठवलेली असतात. रेसर्पिन त्या पिशव्यांत माल भरणारं यंत्र बंद पाडतं. उघड्यावर पडलेलं रसायन मोनोअमाइन ऑक्सिडेज मोडून टाकतं आणि कोठार रिकामं होतं. १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत रेसर्पिननं सेरोटोनिनचा साठा संपतो हे दिसलं. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रेसर्पिननं निपचित पडलेल्या सशांना डोपामिनचं कच्चं द्रव्य, एल-डोपा टोचलं आणि ससे उठून बसले! त्याच काळात न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोगी इप्रोनियाझिड घेऊन भलतेच उत्साही झाले होते, आणि ते द्रव्य मोनोअमाइन ऑक्सिडेज रोखणारं निघालं. एक औषध कोठार रिकामं करतं तर माणूस खचतो, दुसरं भरतं तर उभारी येते. यावरून १९६० च्या दशकात मोनोअमाइनचा, म्हणजे सेरोटोनिनसारखी ही रसायनं कमी पडली की नैराश्य येतं असा, सिद्धान्त उभा राहिला. रेसर्पिननं सगळेच उदास होत नव्हते आणि नंतरच्या फेरतपासणीत तो संबंध इतका सरळ उरला नाही. तरी नैराश्याला शरीरात, रसायनात जागा आहे, तो स्वभावाचा दोष नाही, हे जगाला पटायला आपल्या रानातल्या एका मुळीनं हात दिला.

---

चिकित्सक | २७ जून, सकाळी ९.००

धागा चांगला आहे, पण पुराव्याचं बोलू. २००२ मध्ये अमेरिकेत ३४० रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तीन गट: सेंट जॉन्स वर्ट, सर्ट्रालिन आणि नुसती साखरेची गोळी. आठ आठवड्यांनी पूर्ण सुधारणा वनस्पतीच्या गटात २३.९ टक्के, साखरेच्या गोळीच्या गटात ३१.९ टक्के. म्हणजे वनस्पती हरली. मग तिच्या यंत्रणेचं इतकं कौतुक कशासाठी?

---

पानगळ | २७ जून, दुपारी १२.३५

चिकित्सक, आकडे बरोबर आहेत. त्याच तक्त्यातला तिसरा आकडाही घ्या: सर्ट्रालिन २४.८ टक्के. जगभर लिहून दिलं जाणारं, मान्यताप्राप्त औषधही त्या चाचणीत साखरेच्या गोळीपुढे गेलं नाही. तेव्हा त्या एका चाचणीवरून वनस्पती निकामी म्हणायची तर सर्ट्रालिनलाही तेच म्हणावं लागेल.

२००८ मध्ये कॉक्रेनचा, म्हणजे औषधांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा, आढावा आला, २९ चाचण्या, ५,४८९ रुग्ण. त्यात हे अर्क साखरेच्या गोळीपेक्षा सरस, नेहमीच्या औषधांच्या तोडीचे आणि त्रासामुळे सोडून देण्याचं प्रमाण त्यांच्यापेक्षा कमी असं निघालं. पण आढावा करणाऱ्यांनीच बजावलं की जर्मन भाषक देशांतल्या चाचण्यांत निकाल जास्त चांगले दिसतात. तिथले रुग्ण वेगळे, डॉक्टर वेगळे, या वनस्पतीवरचा विश्वास जुना. सौम्य आणि मध्यम नैराश्यात तिचा उपयोग होतो असं मी धरते. तीव्र नैराश्यात मी तिच्या भरवशावर कुणालाही सोडणार नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून माझं न सुटलेलं कोडंही सांगते. झेडई ११७ नावाचा एक अर्क आहे, त्यात हायपरफोरिन जवळपास नसतंच. २००० साली ३२४ रुग्णांवर तो इमिप्रामिन या जुन्या औषधाशी तोलला गेला आणि बरोबरीचा ठरला. हायपरफोरिनच सगळं करत असेल तर हा अर्क कशाच्या जोरावर चालला? यातले फ्लेव्होनॉइड, हायपेरिसिन, की सगळे मिळून? धरणाची माझी गोष्ट खरी असली, तरी ती या झाडाची अर्धीच गोष्ट असावी. एक फायदा मात्र स्पष्ट आहे: हायपरफोरिन नसल्यामुळे हा अर्क यकृतातल्या पहारेकऱ्याला फारसा जागा करत नाही.

म्हणूनच ऑनलाइन मागवलेल्या बाटलीची मला भीती वाटते. कुठला अर्क, किती हायपरफोरिन, झाडाचा कुठला भाग, हे न कळता 'सेंट जॉन्स वर्ट' एवढ्या तीन शब्दांना काही अर्थ नाही.

---

फ्रेझ्नोची गौरी | २७ जून, रात्री १०.१०

इथे कॅलिफोर्नियात हेच झाड क्लॅमथ वीड म्हणून बदनाम आहे. आमचे शेजारी जुने पशुपालक, त्यांच्या घरात अजून त्याच्या गोष्टी सांगतात. एकेकाळी वीस लाख एकरांहून जास्त कुरणं यानं गिळली होती. गाई-मेंढ्यांनी खाल्लं की उन्हात त्यांची कातडी भाजायची, तीही फक्त पांढऱ्या ठिपक्यांच्या जागी. १९४५-४६ मध्ये ऑस्ट्रेलियाहून पानं खाणारे भुंगेरे आणून सोडले आणि काही वर्षांत कुरणं मोकळी झाली. पानगळ, माणसांची कातडीही भाजते का?

---

पानगळ | २८ जून, सकाळी ७.३०

गौरी, ते हायपेरिसिनचं काम. ऊन पडलं की ते प्राणवायूला चेतवतं आणि आसपासच्या पेशी भाजतात. काळ्या कातडीत ऊन आत पोचत नाही म्हणून ठिपके तेवढे भाजायचे. माणसाच्या नेहमीच्या मात्रेत इतकं होत नाही, पण गोऱ्या कातडीच्या लोकांना आणि जास्त मात्रा घेणाऱ्यांना ऊन बाधतं. माझ्या डॉक्टरांनीही उन्हाळ्यात टोपी घालायला सांगितलं होतं.

---

नवी सभासद | २८ जून, रात्री ११.५०

नाव न सांगता लिहितेय. मी चार महिने हेच घेतेय, ऑनलाइन मागवून. घरी कुणाला माहीत नाही. सासरी मानसोपचार हा शब्द काढायची सोय नाही. गर्भनिरोधक गोळ्याही चालू आहेत. या महिन्यात मधेच डाग दिसले, ते कशामुळे हे आज तुमचा धागा वाचून लक्षात आलं. आता काय करू? आजच दोन्ही फेकून देऊ का?

---

पानगळ | २९ जून, सकाळी ६.२०

आधी हे ऐक, तू काही चुकीचं केलेलं नाहीस. बरं वाटावं म्हणून हाताला लागलं ते धरलंस.

दोन्ही फेकू नकोस. सगळ्यात आधी घरी गर्भचाचणी कर. गर्भनिरोधक गोळी चालू ठेव, पण आजपासून निरोध वापरा, कारण गोळीवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. वनस्पती बंद केली तरी यकृतातली वाढलेली विकरं ओसरायला दोन आठवडे लागतात, म्हणून बंद केल्यानंतरही चार आठवडे निरोध हवाच. वनस्पती एकदम तोडू नकोस, कशी उतरवायची ते डॉक्टरांना विचार. आणि ती चालू असताना कुणाकडून नैराश्याची दुसरी गोळी घेऊन सुरू करू नकोस. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणं घरात सोपं असेल तर तिथूनच सुरुवात कर. बाटली पर्समध्ये घेऊन जा आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेव. मन फार जड झालं तर १४४१६ वर बोल, घरात कुणाला कळायची गरज नाही.

---

मनोवैद्य | २९ जून, सकाळी ८.०५

पानगळ यांनी सांगितलेलं बरोबर आहे. ताई, डॉक्टरांना "चार महिने" हा आकडा नक्की सांगा, आणि डाग कुठल्या तारखांना दिसले तेही.

---

नवी सभासद | १ जुलै, दुपारी ४.१५

चाचणी निगेटिव्ह आली. काल डॉक्टरबाईंकडे जाऊन आले. बाटली टेबलावर ठेवताना हात कापत होते. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी बाटली उलटसुलट करून वाचली आणि म्हणाल्या, "बरं झालं दाखवलंत." दोन आठवड्यांत कमी करत बंद करायचं ठरलंय. त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक समुपदेशक बसतात, त्यांची शुक्रवारची वेळ घेतली आहे. घरी तपासणीला जातेय एवढंच सांगितलंय.

मीराताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

---

कोथरूडची मीरा | १ जुलै, संध्याकाळी ७.३०

सांगितला. आई म्हणाली, शुक्रवारी जाऊन आलीस की इथे लिही. ती वाट बघतेय.